चुन्याबाहेरचा ओटा

जालन्यात गांधी चमनच्या कडेला, चप्पल शिवून मिळेपर्यंत, तातेराव एका पायावर उभा होता. दुसरा अनवाणी पाय त्याने पहिल्याच्या चपलेवर टेकवून ठेवला होता, कारण ऑगस्ट असला तरी दहा दिवस पाऊस नव्हता आणि डांबर तापलं होतं. खिशात मोबाइल वाजला. गावच्या सरपंच सत्यशीला यांनी एक फोटो पाठवला होता. दोन वर्षांपूर्वी गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली, तेव्हा वरून घेतलेला. त्या मोजणीआधी प्रत्येकाने आपापल्या घराभोवती चुन्याची रेघ मारायची, म्हणजे कुणाचं कुठवर ते वरून कळतं, अशी पद्धत होती. त्यामुळे सगळं गाव खडूने आखल्यासारखं दिसत होतं. तातेरावने बोटांनी फोटो मोठा केला. चावडीसमोरची मोकळी जागा, तिच्या पश्चिमेला अप्पारावचं दोन मजली घर, घरापुढचा दगडी ओटा. चुन्याची रेघ घराच्या भिंतीला चिकटून, उंबऱ्यासमोरून सरळ गेली होती. ओटा रेघेच्या बाहेर होता. छत्तीस वर्षं त्याने नगररचनेच्या कार्यालयात आरेखक म्हणून नकाशे काढले होते. रेघ कशाच्या कुठल्या बाजूला आहे हे त्याला दुसऱ्यांदा पाहावं लागत नसे. आता त्याने चारदा पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण अनवाणी पाय कधीच खाली टेकवला आहे आणि तळवा भाजतो आहे.

त्याने तिथूनच फोन केला. सत्यशीला मेंढपाळाच्या घरातली. तिचे आजे-पणजे मेंढरं घेऊन चार जिल्हे फिरले, आणि ती मात्र गाव सोडून कुठं जायची नाही. तिने थोडक्यात सांगितलं. चौक सुशोभित करण्यासाठी निधी आला होता. काम पंचायत समितीचा अभियंता पाहणार होता, पण गावाने चांगला नकाशा दिला तर त्याला तेवढंच सोपं. तातेरावच्या बायकोने, बेबीनंदाकाकूंनी, गावच्या ग्रुपवर टाकलेले युरोपातल्या चौकांचे फोटो तिने पाहिले होते, आणि गावात असा नकाशा काढणारं दुसरं होतं कोण? तसाच चौक करा काका, ती म्हणाली, तेवढा मोठा होणार न्हाई, पण लोकांना बसावंसं वाटलं पाहिजे. त्याने ओट्याचं विचारलं, तेव्हा फोन तिच्या नवऱ्याने, परमेश्वरने घेतला, कारण मोजणीच्या दिवशी चुन्याचं घमेलं त्याच्या हातात होतं. परमेश्वर हसत सांगत होता. अप्पारावआबांच्या दारात तो ओट्याभोवती रेघ ओढायला वाकला, तर आबा म्हणाले, रेघ शेजाऱ्याच्या भीतीनं मारतात; ओटा कुणाचा हे आता त्या भिरभिऱ्याला सांगायचं का? परमेश्वरने पुन्हा विचारलं, तेव्हा आबांनी काठीनं उंबरा दाखवला. मारायचीच तर हितून मार. त्याने तिथून मारली. नकाशा तसाच झाला, हरकतींची मुदत गेली, घराघरांत सनदा वाटून झाल्या. सरकारी कागदावर ओटा गावाच्या मोकळ्या जागेत जाऊन पडला होता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अप्पारावच्या तर नाहीच. त्याने सनद उघडून पाहिली नसणार. सनद उघडून पाहणं हेही शेजाऱ्याच्या भीतीनंच असतं.

शिवलेली चप्पल घालून तातेराव नव्या जालन्यातल्या आपल्या घराकडे चालू लागला, आणि घरी पोचेपर्यंत त्याने तो ओटा तीन वेळा पाडला. पहिल्या वेळी जेसीबीने, एका दणक्यात. ते फार लवकर संपलं. दुसऱ्या वेळी पहारींनी, दगड दगड सुटा करत. तिसऱ्या वेळी त्याने आधी नोटीस पाठवली, सात दिवसांची, मग मुदत वाढवून दिली, मग पुन्हा नोटीस. त्याला स्वतःच्या शांतपणाचं नवल वाटत होतं. जिभेखाली फक्त एक गारवा होता, पेपरमिंटची गोळी ठेवल्यासारखा. लोक डूख धरणं म्हणतात ते असं असतं का? त्याला वाटायचं, डूख म्हणजे आग. पण सत्तेचाळीस वर्षं आग कुठं टिकते. टिकतो तो गारवाच. तोंडाने तो अप्पारावला आबा म्हणायचा, सगळं गाव म्हणायचं. मनात मात्र एकेरी. मनातला हा एकेरी उल्लेख त्याने नोकरीभर, लग्नात, बाप गेल्यावर तेरावं न घालता बौद्ध रीतीच्या साध्या पुण्यानुमोदनाला बसला तेव्हाही, न चुकता पाळला होता.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये तो सतरा वर्षांचा होता. टपाल टेंभुर्णीहून आठवड्यातून दोनदा यायचं. टपालवाला गावभर फिरत नसे. अप्पारावच्या ओट्यावर बसून चहा घ्यायचा आणि सगळी पत्रं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून जायचा. ज्याचं त्याने येऊन मागायचं. मागणाऱ्यांतले काही ओट्यावर चढून मागत, काही पायरीवरून, आणि भीमनगरातले खाली उभे राहून. तातेरावचा बाप कचरू मजुरीवर जायचा. छप्पन सालानंतर त्याने गावात कुणापुढे वाकणं सोडलं होतं, आणि न वाकण्यासाठी लागणारी ताकद तो इतर गोष्टींतून वाचवायचा. कमी बोलायचा, कमी मागायचा. त्या दिवशी मात्र मागायला गेला, कारण पोराला औरंगाबादच्या आयटीआयमधून आरेखकाच्या वर्गासाठी मुलाखतीचं पत्र यायचं होतं आणि ते कोनाड्यात आल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. तातेराव बरोबर होता. अप्पाराव पेपर वाचत होता. थांब म्हणाला. ते थांबले. दहाच्या सुमाराला थांबले होते ते सावली पायाशी येईपर्यंत. कचरू सकाळपासून उपाशी होता. मधेच तो एका बाजूला कलला, आणि ओट्याच्या कोपऱ्यावर बसला.

अप्पारावने शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं, निदान मनात. त्याने पेपरची नीट घडी घातली. आतून बादली मागवली. गडी ती घेऊन पुढे झाला तर त्याला बाजूला सारून अप्पारावने स्वतः पाणी ओतलं, सावकाश, देवघर धुवावं तसं. कचरू तोवर उठला होता, पण दूर झाला नव्हता, त्यामुळे पाणी त्याच्या पायांवरून गेलं. मग अप्पारावने कोनाड्यातून पत्र काढलं आणि हात लांब करून खाली सोडून दिलं. कचरूने उचललं, झटकलं, पोराला दिलं. वाच. मुलाखतीची तारीख तीन दिवसांपूर्वी होऊन गेली होती. परतताना बाप भीमनगरापर्यंत पुढे चालत राहिला. घराच्या दारात म्हणाला, "मी मुद्दाम बसलो न्हाई. चक्कर आल्ती." एवढंच. पुन्हा मरेपर्यंत त्याने तो विषय काढला नाही. तातेरावचं एक वर्ष गेलं, पुढच्या वर्षी जालन्यातल्या एका ओळखीच्या मास्तरांच्या पत्त्यावर पत्र मागवून तो आयटीआयला लागला, वर्षाचं तर त्याला फारसं वाईटही वाटलं नाही. पाण्याचंही एक वेळ सोसता आलं असतं. ते वाक्य मात्र सोसवत नव्हतं. बापाला खुलासा करावा लागला होता. बसल्याबद्दल. आणि तोही अप्पारावला नाही, स्वतःच्या मुलाला.

मे महिन्यात तो आणि बेबीनंदा तीन आठवडे रेगेन्सबुर्गला राहून आले होते. अक्षता, त्यांची मुलगी, तिथल्या विद्यापीठात शिकत होती. डॅन्यूबच्या काठी दोन हजार वर्षं जुनं जर्मन शहर, दगडी पूल, आणि गल्ल्या संपतील तिथं चौक. दिवसा अक्षता वर्गाला जायची आणि हे दोघं चौक पाहत हिंडायचे. तातेरावला सवय होती, त्याचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं. कुठलीही जागा तो चालून मोजायचा. त्याने एक तिकोनी चौक मोजला, जो आखताना काटकोनाचा गुण्या कुठं लावला असेल हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ज्याच्या कारंज्यावर न्यायदेवता तराजू धरून उभी होती. नगरपालिकेचा चौक मोजला. कोळशाच्या बाजाराचा मोजला. एका मोठ्या, झाडांच्या चौकाच्या नावाचा अर्थ अक्षताने सांगितला, जुना धान्यबाजार, तर बेबीनंदा म्हणाली, म्हणजे आपला जुना मोंढाच की. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. नवीन जागेत तिला आधी नावं ठेवायला सुचायचं आणि मग कौतुक. एवढी जागा मोकळी सोडली अन् एक शेळी न्हाई बांधली कुणी, असं ती प्रत्येक चौकात म्हणायची. पिवळ्या, गुलाबी, राखी भिंतींची उंच घरं चौकाच्या कडेनं खांद्याला खांदा लावून उभी. पायाखाली गुळगुळीत फरशीबंद दगड. सायंकाळी साडेआठ-नऊपर्यंत ऊन, आणि त्या उन्हात माणसं बसलेली. कारंज्याच्या कठड्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर, दुकानांच्या उंबऱ्यांवर, जमिनीवर. म्हातारे, बायका, कुत्री, हातात आइस्क्रीम घेतलेले नोकरदार. कुणी कुणाला विचारून बसत नव्हतं.

हे सुंदर होतं, आणि त्याच्या आत काहीतरी दर चौकागणिक कडू होत गेलं. पहिल्या दिवशी तो कारंज्याच्या कठड्यावर बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण वाट पाहत आहोत. कुणीतरी येईल आणि पाहील, एवढीच. कुणी आलं नाही. दुसऱ्या चौकातही आलं नाही. मग तो मुद्दामच बसू लागला, जिथं बसता येणार नाही असं वाटेल तिथं; सरकारी इमारतीच्या पायरीवर, पुतळ्याच्या चौथऱ्यावर, एका बंद बँकेच्या उंबऱ्यावर. कुणी उठवलं नाही. प्रत्येक वेळी त्याला आनंद व्हायला हवा होता आणि प्रत्येक वेळी अप्पाराव आठवायचा, पेपरची घडी घालणारा. एका संध्याकाळी अक्षता म्हणाली, बाबा, तुम्ही इथं आल्यापासून एकदाही टेकून बसला नाहीत, निघालेल्या माणसासारखे काठावर बसता. ती सहज बोलली होती. तिला ओट्याचं काही माहीत नव्हतं. त्याने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या रात्री त्याला अप्पारावचा इतका राग आला की त्याचा त्यालाच अचंबा वाटला. सात हजार किलोमीटरवर, पाचशे वर्षं जुन्या दगडांवर, त्या माणसाने त्याला काठावर बसवून ठेवलं होतं.

सगळ्यांत मोकळा चौक होता तो मधोमध एक चर्च असलेला. त्याचं नाव दोघांनाही उच्चारता यायचं नाही. त्या चौकाच्या एका भागात पांढऱ्या काँक्रीटचे बुटके ठोकळे जमिनीतून वर आले होते, गुडघ्याएवढे, काही त्याहून ठेंगणे, आणि त्यांवर पोरं उड्या मारत होती, माणसं डबे उघडून बसली होती. तातेरावला आधी ती बसायचीच सोय वाटली. मग त्याने सवयीने मोजायला सुरुवात केली आणि थबकला. हे बाक नव्हते. ही योजना होती. भिंतींच्या रेघा, खांबांच्या जागा, दाराची जागा. कुठल्यातरी इमारतीचा तळनकाशा, पूर्ण मापाचा, जमिनीवर मांडलेला. अक्षताने वाचून सांगितलं. इथं ज्यूंची वस्ती होती, कित्येक शतकं. पंधराशे एकोणीस साली शहराने त्यांना थोड्याच दिवसांत हाकलून दिलं, त्यांचं प्रार्थनामंदिर पाडलं, घरं पाडली, आणि त्या जागेचा चौक केला. दफनभूमीतले दगड उचलून लोकांनी आपल्या घरांच्या भिंतींत बसवले, विजयाची खूण म्हणून; त्यांतले काही अजून दिसतात, तिने एक नेऊन दाखवलाही. तातेराव त्या पांढऱ्या ठोकळ्यांजवळ बराच वेळ उभा होता. बसला नाही. त्याला एकच गोष्ट सुचत होती आणि ती सुचू नये असं वाटत होतं: या चौकाची रेघ कुणीतरी आधी कागदावर मारली असणार. कुणीतरी आरेखक. चांगला, मापाला पक्का. बेबीनंदा म्हणाली, चला, ऊन लागून राह्यलं.

आता, जालन्यात, टेबलावर सत्यशीलाचा फोटो मोठा छापून ठेवला असताना तो चौक पुन्हा पुन्हा त्याच्यासमोर येऊ लागला. ओटा पाडायचा, यात शंका नव्हती. पण पाडण्याचं चित्र आता नीट उमटेना. ओटा पाडला, ढिगारा उचलला, फरशी बसवली. पुढे? पुढे अप्पाराव त्या सपाट जागेसमोर खुर्ची टाकून बसणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार, हितं आमचा ओटा व्हता. लोक च् च् करणार. चुकीच्या नोटिशीने, सरकारच्या जुलमाने, म्हाताऱ्या माणसाचा ओटा गेला. त्याची पोरं सांगणार, नातवंडं सांगणार. पाचशे वर्षांपूर्वी पाडलेल्या भिंतींजवळ माणसं अजून आवाज खाली करतात. त्या माणसांचं तसं स्मरण होणं बरोबरच होतं. त्यांनी कुणाचे पाय भिजवले नव्हते. पण अप्पारावला ते का मिळावं? पाडलेली वस्तू मोठी होते. तातेरावने पेन्सिल खाली ठेवली. ही दया आहे का, हे त्याने स्वतःला तपासून पाहिलं, टाचणीने फोड टोचून पाहावी तसं. दया नव्हती. गारवा तसाच होता, उलट जास्त.

सोमवारी तो मोजमाप घ्यायला गावाला गेला. जाफराबादच्या एसटीने, टेंभुर्णीला उतरून पुढे जीपने. परमेश्वर टेप धरायला आला होता, चावडीजवळ चार रिकामे लोक होते, सांडू नावाचा एक म्हातारा मेंढक्या होता, ज्याला प्रत्येक माप मोठ्याने ऐकायचं होतं. अप्पाराव ओट्यावरच होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा, अंग वाळलेलं, पण धोतर पांढरंफेक आणि काठी मांडीवर आडवी. डोळ्यांवर हात धरून त्याने विचारलं कोण आहे. तातेरावने बापासकट नाव सांगितलं.

"कचरूचा," अप्पाराव म्हणाला. त्याने काठी मांडीवर सरळ केली. "फारिनला जाऊन आला म्हणं."

"हो आबा."

"काय पाह्यलं तिथं?"

"चौक."

"चौक पाह्याला एवढ्या लांब? हितं का दार लावल्तं का कुणी?"

सांडूसकट सगळे हसले. तातेरावही हसला. तो त्या चेहऱ्यात शोधत होता, बादली, पेपर, जून महिना. काही आहे का? चेहरा म्हाताऱ्याचा होता, कोरडा, कुठल्याही म्हाताऱ्याचा असावा तसा. त्याला आठवत असेल तर ठीक, आठवत नसेल तरीही ठीक, असं तातेरावने मनाशी ठरवून टाकलं, आणि ठरवता ठरवता त्याला जाणवलं की हे खोटं आहे. आठवत नसेल तर तो सहन करू शकणार नाही. ओटा बावीस फूट लांब, नऊ फूट रुंद, अडीच फूट उंच भरला. कोपऱ्याचा दगड इतरांपेक्षा काळा होता आणि कडेला झिजलेला. तातेरावने त्यावर टेप धरला तेव्हा अप्पारावची काठी मांडीवरून उतरून दगडाच्या कडेला येऊन टेकली. सहज, किंवा सहज नाही.

"हे बघ," अप्पाराव म्हणाला. "चौक कर न्हाईतर बाग कर. माझ्या ओट्याला हात लागता कामा न्हाई."

"लागणार नाही, आबा."

"शब्द?"

"शब्द," तातेराव म्हणाला, आणि त्या क्षणी सगळा नकाशा त्याच्या डोळ्यांसमोर पूर्ण झाला, शाई लावून, सहीसकट.

तो त्याने अकरा दिवसांत काढला. संगणकावर काढता आला असता, पण त्याने हाताने काढला, जुन्या ड्रॉइंग बोर्डावर. आयुष्यात इतकं स्वच्छ काम त्याने केलं नव्हतं. रेगेन्सबुर्गच्या चौकांतून त्याने जे पाहिलं होतं ते सगळं आत आलं, गावच्या मापात: पाण्याला हलकासा उतार, कडेला लिंबाची झाडं, मधला भाग मोकळा, बसायला बाक. आणि ओटा जसाच्या तसा. त्याला लांबीभर एक ठेंगणी पायरी जोडली, म्हाताऱ्या बायांना चढायला. उन्हाच्या बाजूला एक पत्र्याची सावली. पाठ टेकायला लाकडी पट्ट्या. टेंभुर्णीला जाणाऱ्या जीपचा थांबा ओट्यासमोर. भीमनगरातून येणारी वाट, जी आतापर्यंत चावडीला वळसा घालून यायची, ती सरळ ओट्याच्या कोपऱ्यावर आणली. अप्पारावच्या दारासमोर चार फुटांचा रस्ता मोकळा सोडला. त्याचा जाण्या-येण्याचा हक्क कुठं मोडला नाही, कारण तातेरावला चुकीला जागा ठेवायची नव्हती. ओट्यावर बारीक अक्षरात लिहिलं: सार्वजनिक बैठक, अस्तित्वातील. बेबीनंदा मागून येऊन पाहून गेली. तुमचं काम छान होऊन राह्यलं, म्हणाली, पण जेवताना दात का खाता. त्याला वाटलं, आता हिला सांगावं. मग वाटलं, सांगितलं तर ती दोन दिवस रडेल आणि तिसऱ्या दिवशी म्हणेल, जाऊ द्या, म्हातारा माणूस आहे. ते त्याला नको होतं. नकाशा पूर्ण झाल्यावर त्याने तो भिंतीला लावून लांबून पाहिला. सुंदर चौक होता, खरोखर सुंदर, आणि तो सुडाने काढला होता. त्यात विसंगती आहे असं त्याला क्षणभर वाटलं, मग वाटलं की चौक कशाने काढले जातात हे आपण पाहून आलो आहोत. काहीतरी मात्र राहिलं होतं. त्याने बारीक निबेचं पेन घेतलं आणि ते राहिलेलं काढलं.

ग्रामसभेत नकाशा एका आवाजात मंजूर झाला. सनदेच्या नकाशाला धरून आहे म्हटल्यावर अभियंत्यालाही बोलायला काही उरलं नाही. नियमाप्रमाणे तो हरकतींसाठी पंधरा दिवस ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला, आणि फलक चावडीच्या भिंतीवर, ओट्याच्या बरोबर समोर. सत्यशीलाचे फोन येत राहिले. लोक खूश होते. बाया विचारत होत्या, सावली खरंच होणार का. अप्पारावने पहिले दोन दिवस नकाशाकडे पाहिलं नाही, तिसऱ्या दिवशी कुणाकडून तरी वाचून घेतला, आणि त्याच संध्याकाळी तो आतल्या खोलीत जाऊन बसला.

नवव्या दिवशी सकाळी तातेरावच्या जालन्यातल्या घरी अप्पारावची नातसून आली. रेणुका, तिशीतली, अंबडच्या एका शाळेत शिकवायची. एकटीच आली होती. बेबीनंदाने चहा केला, रेणुकाने तो पूर्ण घेतला आणि कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवला. ते तातेरावला दिसलं आणि ते दिसल्याचा त्याला त्रास झाला. हिच्याविरुद्ध त्याच्याकडे काही नव्हतं. ती शब्द शोधत होती, आणि शिक्षिकेला शब्द शोधावे लागतात तेव्हा खोली जास्तच शांत होते. ती म्हणाली, घरच्यांनी वकिलाला विचारलं. रेघ आबांनीच उंबऱ्यावरून मारायला लावली हे अख्ख्या गावाने पाहिलेलं, तिथं काही होणार नाही. मग म्हणाली, आबा जेवत न्हाईत. तातेरावच्या जिभेखालचा गारवा पसरला. सत्तेचाळीस वर्षांनी एवढंच वाटतं? त्याने पाहिलं. एवढंच. पण खरं होतं, आणि त्याला ते पुरणार होतं.

"मी त्यांचं म्हणणं सांगून राह्यले, काका, माझं न्हाई," ती म्हणाली. "ते म्हणतात ओटा पाडून टाका. जेसीबी आम्हीच लावतो, तुम्ही फक्त नकाशात बदल करा. सपाट झाला तर चालंल त्यांना. पण कुणीपण येऊन तिथं…" तिने वाक्य सोडून दिलं. तिच्या कानशिलापर्यंत रंग चढला होता. "लिहून पण द्यायला तयार आहेत."

बेबीनंदा दारात उभी होती. ती तातेरावकडे पाहत होती, तीस वर्षांत न पाहिलेलं काहीतरी दिसल्यासारखी.

"पाडता येणार नाही," तातेराव म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. "आबांना सांगा, मी त्यांना शब्द दिलाय. ओट्याला हात लागणार नाही."

रेणुकाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिला समजलं होतं. सगळं नाही, पण पुरेसं. ती उठली, बेबीनंदाला येते म्हणाली, दारात चपला घालताना एका हाताने चौकट धरून थांबली.

"एक विचारू का? बाकीचे बाक सगळे मोकळे काढलेत तुम्ही. ओट्याच्या कोपऱ्यावर तेवढा एक माणूस काढलाय. पाठ टेकून, पाय सोडून बसलेला. आबा रोज विचारतात. तो कोण बसलाय, जाऊन बघून ये म्हणतात."

म्हणजे अप्पारावला आठवत होतं. तातेरावच्या जिभेवर नाव आलं, तीन अक्षरी, आणि तिथंच थांबलं. नाव सांगितलं की म्हाताऱ्याचा प्रश्न मिटणार होता. चौकाचं काम दिवाळीनंतर सुरू होईल, तोवर, हरकतींची मुदत संपली तरी, नकाशा फलकावरच राहील, असं सत्यशीला म्हणाली होती.

"माणूस आहे," तो म्हणाला. "मापासाठी काढतात."